सरा, सरा

११ नोव्हेंबर, सोमवार

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी सायकल चालवली आणि पडले नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे काहीही झालं तरी एवढं कुणाला खोडता येणार नाही.

मिरजेत शाळेला रोज सायकलनं जायचे. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन म्हैसूरला, नजरबादच्या या शिंप्यांच्या घरात आले आणि सायकल सुटली ती सुटलीच. आता दिवाळी झाल्यावर आम्ही गल्लीतलं दुकान सोडलं. लोक तयार कपडे घेतात आणि ह्यांच्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही. ह्यांच्या म्हणजे नरसिंह यांच्या. बत्तीस वर्षांत नाव तोंडानं घेतलं नाही, पण वही माझी आहे, इथे घेणार.

माझे डोळे शाबूत आहेत आणि डोकंही. तळ्यापलीकडच्या वसाहतीत सगळी रिटायर झालेल्यांची घरं. तिथल्या बायकांना कुणाला बाही सैल करून हवी, कुणाला फॉल लावून हवा, पण त्यासाठी शिंप्याचं दुकान शोधत फिरायची ताकद नाही. मग शिंपिणीनंच जायचं. कॅरियरवर हातमशीन बांधायची, त्यांच्या हॉलमध्ये फतकल मारून बसायचं आणि समोरच शिवून द्यायचं. तळ्याकाठच्या वाटेनं सायकलवर नऊ मिनिटं लागतात. आज घड्याळ लावून बघितलं.

नरसिंह म्हणाले, "हौदु, जा की. कोण नको म्हटलंय? पण मोठ्या रोडला सायकल घालायची बेडा, नकोच. तळ्याच्या वाटेनं जमतंय तर कर, नाहीतर मशीन खाली उतरव. वचन दे."

दोन वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर लॉरीनं ह्यांची स्कूटर उडवली होती. मीही तिथून नुसतं चालत जाताना भिंतीच्या कडेनं जाते. दिलं वचन. म्हणजे तळ्याची वाट बंद तर धंदा बंद. पण ती कशाला बंद होईल?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वाटेच्या दारावर कन्नडमध्ये पाटी आहे, सायकल सावकाश, चालणाऱ्यांना पहिला मान. बाकीचे कायदे पाटीवर नाहीत, ते मी चार दिवसांत शिकले. डावी कडा सोडायची नाही. तिघीजणी हातात हात घालून चालल्या असतील तर मध्ये घुसायचं नाही, त्यांचं सुनेचं प्रकरण संपेपर्यंत मागून रांगत राहायचं. कानात बोंडं घातलेल्यांना देवानं हाक मारली तरी ऐकू जात नाही, त्यांना लांबूनच वळसा. कुत्रा असेल तर आधी दोरीची लांबी बघायची, मग कुत्रा. आणि पाणी सोडायच्या दगडी मोरीपाशी वाट निम्मी होते, तिथे समोरून कुणी आलं तर आपण खाली उतरायचं.

सायकलला घंटी आहे. मी ती वाजवत नाही. पाठमोऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या कानाशी ट्रिंग ट्रिंग करायचं म्हणजे काय, तो काय गाय आहे? देवानं तोंड दिलंय. मी मागून नरम आवाजात, आदरानं म्हणते, "सरा, सरा." कन्नड मला येतं, बत्तीस वर्षं झाली. पण पायाखाली पायडल असलं की तोंडात मराठीच येते, त्याला इलाज नाही. आणि सूर ओळखीचा असला की भाषा कुणी विचारत नाही.

एक गंमत दिसली. पुरुषमाणसं लगेच थांबतात, चक्क वळून बघतात, काही तर हसतात. बायका मात्र ढिम्म. आपल्याला कुणी सरकायला सांगितलेलं बायकांना खपत नाही, असं मी ठरवून टाकलं. म्हैसूरचे पुरुष बाकी सभ्य.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सगळेच सभ्य नाहीत. एक म्हातारेबुवा आहेत, पंचाहत्तरीचे असतील, पांढरे बूट, गळ्यात मफलर, हातात मिटलेली छत्री. रोज पावणेआठला मोरीच्या अलीकडे गाठ पडते. मी लांबून "सरा, सरा" म्हणते, तर हे गृहस्थ सरकायचं सोडून पूर्ण मागे वळतात, वाटेच्या मधोमध उभे राहतात आणि उजवा हात वर करतात. मला करकचून ब्रेक लावावा लागतो, मागे मशीन डुगडुगते. मी त्यांचं नाव ट्रॅफिकवाले ठेवलंय.

आज चिडून मीही हात वर केला. तर स्वारी खूष! काही माणसांना भांडण गोड लागतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

विशालाक्षीअम्मांचं काम मिळालं आणि आजचा दिवस सोन्याचा झाला. वय ऐंशी. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून हात मागे जात नाही, आणि त्यांचे सगळे ब्लाउज मागच्या हुकांचे. एक वर्ष बाई घरात गाउन घालून बसल्यात. लग्नाकार्याला जात नाहीत, दारात कुणी आलं तर आत पळतात. मला अकरा ब्लाउज दाखवले. पाठ बंद करायची, पुढून उघडायचे, हुक पुढे घ्यायचे. कापड जुनं, जपून करावं लागणार. आठवड्याला दोन-तीन होतील. मी म्हटलं, संक्रांतीला तुम्ही रेशमी पट्टुसाडी नेसून स्वतःच्या हातानं हुक लावणार. रडायलाच लागल्या.

अशी सहा घरं झाली आता. दुकानात बसून वाट बघण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

सायकलही गुणाची. पंधरा दिवसांत टायरमध्ये एकदाही हवा भरावी लागली नाही. कंपनी चांगली दिसते. नरसिंह सकाळी चहाला बसतात तेव्हा बोटं काळीकुट्ट, कुठे हात घालतात कोण जाणे. साबण लावा म्हणून किती वेळा सांगायचं?

२ डिसेंबर, सोमवार

कोपर सोललंय, पण तरी लिहिते.

ट्रॅफिकवाले पडले. मी पाडलं. मोरीपाशी वाट अरुंद, मी उतारावर, मागे मशीनचं ओझं. "सरा, सरा" म्हटलं. ते वळले, मध्ये आले, हात वर केला. ब्रेक लागला पण सायकल घसरत गेली आणि पुढचं चाक त्यांच्या पायात शिरलं. ते हातावर पडले. मनगट मोडलंय. मी त्यांच्यावर पडले नाही एवढंच.

लोक जमले. कुणी सायकल उचलली, कुणी मला पाणी दिलं, कुणी शिव्या दिल्या. ते मात्र खाली बसल्या बसल्या मला विचारत होते, "तुम्हाला लागलं का, अम्मा?" रिक्षात बसेपर्यंत तेच.

ते का वळतात? सरकायला सांगितल्यावर माणूस मध्ये का येतो?

३ डिसेंबर, मंगळवार

तळ्याच्या वाटेच्या दारावर कागद लागलाय. सकाळी फिरणाऱ्यांचा संघ आहे, त्यांचा अर्ज, तळ्याच्या वाटेवर सायकल बंद करा. पंधरा तारखेला रविवारी सभा. तोवर सायकल हातानं ढकलत न्यायची. ढकलत नेली. हॉलमध्ये पोचेपर्यंत दंड भरून आले. विशालाक्षीअम्मांचा तिसरा ब्लाउज केला.

 

५ डिसेंबर, गुरुवार

आज त्यांच्या घरी गेले. जायलाच हवं होतं, आणि आता वाटतं गेले नसते तर बरं.

त्यांचं नाव वेंकटरमण. सरगूरच्या हायस्कुलात हेडमास्तर होते, तीस वर्षं. हात गळ्यात बांधून खिडकीपाशी बसले होते. मला बघून उठायला लागले, मीच बसवलं. त्यांची बायको वेदवती मला कॉफी करायला आत घेऊन गेली. अगदी साधी बाई. कन्नडमध्येच बोलत होती.

म्हणाली, "तुमच्याबद्दल ते रोज सांगायचे हो. फिरून आले की पहिली गोष्ट तीच. सायकलवरच्या अम्मांनी आज पण हाक मारली. एकदा नाही, दोनदा. सार, सार. इथे मुलाकडे राहायला आलो तेव्हापासून ह्यांना सर म्हणणारं कुणी उरलं नाही. ह्यांना वाटायचं, सरगूरच्या कुणा विद्यार्थ्याची आई असेल. म्हणून रोज वळून हात वर करायचे. आशीर्वाद हो."

माझ्या हातात पेला होता. तो मी खाली ठेवला.

सरा, सरा. सर, सर. बत्तीस वर्षं या गावात काढली आणि हे कधी कानावर आलं नाही! त्या सगळ्या सभ्य पुरुषांना मी एकेक करून साहेब म्हणत होते. बायका कशाला वळतील?

बोलायचं ते तिथेच बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात मुलगा आला, रविकिरण, ऑफिसातून. आम्ही बाहेर आलो तेव्हा मास्तरांसमोरच त्यानं मला विचारलं, "तुम्ही माझ्या वडिलांना ओळखता?"

"नाही."

"मग त्या दिवशी तुम्ही त्यांना हाक मारली होती?"

मी म्हटलं, "नाही, हाक नव्हती मारली."

अक्षर न् अक्षर खरं. आणि इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

मुलगा वडिलांना म्हणाला, "बघा अप्पा. मी सांगतोय ना, कुणी हाक मारत नाही. तुम्हाला भास होतात. आता एकट्यानं बाहेर पडायचं नाही." मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग हो म्हणून मान हलवली. मी निघून आले, कॉफी तशीच.

१२ डिसेंबर, गुरुवार

संघाचे सेक्रेटरी शंभूराव स्वतः घरी आले. आपल्यातलेच, मराठा, त्यांचे आजोबा म्हैसूरच्या पागेत होते म्हणे. मला वाटलं रागवायला आले असतील. तर पेढे घेऊन!

"ताई, तुमचं काम झालं बघा. वेंकटरमण मास्तरांनी लिहून दिलंय, मला कुणी हाक मारली नसताना मी वळलो, चूक माझीच. आता अर्जाला काही अर्थ नाही. सायकल चालू राहते. मी सभेत ते पत्र वाचतो आणि विषय आयितु, संपला."

मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. त्यांना मराठी येते, त्यामुळे 'सरा'चा अर्थ सांगावा लागला नाही. मग हसू थांबलं.

"हे कुणाला सांगू नका," म्हणाले. "घंटी असून वाजवली नाही, लोकांना कळत नाही त्या भाषेत ओरडलात, हे बाहेर आलं तर वाट बंदच होणार, मी पण थांबवू शकत नाही. मास्तर काय, म्हातारे आहेत, घरात बसतील. सुम्मने, गप्प बसा. रविवारी तोंड उघडू नका, एवढंच करा."

पेढे नरसिंहांनी डब्यात ठेवले. खाल्ले कुणीच नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

विशालाक्षीअम्मांकडे आज शिलाई दोनदा उसवावी लागली. माझी शिलाई! आठ झाले, तीन राहिलेत.

गप्प बसले तर वाट माझी. सहा घरं आहेत, तिथून बारा होतील. बोलले तर परत घरात, तयार कपडे घेणाऱ्या लोकांची वाट बघत. मास्तर माझे कोण लागतात? तीन आठवडे मी त्यांच्यावर चिडतच होते.

पण येताना त्यांच्या घरावरून आले. खिडकीत बसले होते. गल्लीतून भाजीवाल्यानं कुणाला तरी हाक मारली, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली, चूक केल्यासारखी. आपल्याला ऐकू आलं ते खरं की नाही, हे त्यांना आता कळेनासं झालंय. हे मी केलंय, मनगटापेक्षा मोठं. मनगट महिन्यात जुळेल.

नरसिंहांना विचारलं, काय करू? म्हणाले, "तुला माहीत आहे की. मला कशाला विचारतीस?"

१५ डिसेंबर, रविवार

सभा तळ्याच्या दारातल्या मंडपात. चाळीसेक माणसं. मास्तर पहिल्या रांगेत, शेजारी मुलगा. शंभूरावांनी पत्र वाचलं. "माझ्या वयाचा दोष" असं त्यात होतं. लोकांनी माना डोलावल्या. शंभूरावांनी माझ्याकडे बघून हळूच डोळे मिचकावले आणि पुढचा विषय काढला.

मी उभी राहिले. 

म्हटलं, "मास्तरांना भास झाला नाही. त्यांनी जे ऐकलं तेच मी म्हटलं होतं. रोज म्हणत होते. आमच्या मराठीत त्याचा अर्थ बाजूला व्हा. त्यांच्या घरी मला हे विचारलं तेव्हा मी हाक मारली नाही म्हणाले, ते शब्दाला खरं होतं आणि बाकी सगळं खोटं. ते वळले यात त्यांचा काही दोष नाही. आदरानं हाक मारली तर चांगला माणूस वळणारच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच हसले. मास्तर हसले नाहीत.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"म्हणजे, बाजूला व्हा?"

"हो सर."

त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. त्यांच्याकडून मी काय काढून घेतलं ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. मग मुलाकडे वळून ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "रवी, माझे कान ठीक आहेत."

रविकिरणनं मान खाली घातली.

पुढचं शंभूरावांनी सांगितलं होतं तसंच झालं. घंटी होती का? होती. वाजवली? नाही. का नाही? ते वयानं मोठे म्हणून. यावर कुणी हसलं नाही, पण कुणाला पटलंही नाही. हात वर झाले. सायकल बंद, आणि ओझं असेल तर ढकलतसुद्धा न्यायची नाही. शंभूराव जाताना म्हणाले, "सांगितलं होतं की नाही?" आणि तडक गेले.

मास्तर दारापाशी थांबले होते. म्हणाले, "दहा दिवस आधी सांगायला हवं होतं, अम्मा. मी बसून आठवत होतो, आयुष्यात आणखी कोणकोणत्या हाका मला ऐकू आल्या, ज्या नव्हत्याच."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही कळलं नाही. पण मुलगा रिक्षा बोलवायला लागला तेव्हा त्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि घरी चालत गेले, एकटे.

संध्याकाळी नरसिंहांना म्हटलं, "वचन मोडतेय. उद्यापासून मोठ्या रस्त्यानं."

ते उठून बाहेर गेले. मग स्कूटरचा आरसा काढून आणला आणि माझ्या हँडलला बसवायला घेतला. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. "सुम्मे बोलत बसू नको, पाना दे," म्हणाले. 

१६ डिसेंबर, सोमवार

साडेसातला निघाले. नरसिंह दारात उभे होते.

डावी कडा सोडली नाही. घंटी वाजवली, जिथे वाजवायची तिथे प्रत्येक वेळी वाजवली. पहिली लॉरी शेजारून गेली तेव्हा सायकल वाऱ्यानं थरथरली आणि मी मोठ्यानं ओरडले, कुठल्या भाषेत ते आठवत नाही. दुसरी गेली. तिसरीनंतर मोजायचं सोडलं. एका बसवाल्यानं मला अगदी मातीत उतरवलं. उतरले, उभी राहिले, श्वास घेतला, परत चढले.

पुढे रस्ता तळ्याच्या जाळीला लागून जातो. आतली वाट दिसली. वेंकटरमण मास्तर चालले होते, हात अजून गळ्यात. शेजारी मुलगा नव्हता, मागे कुणी नव्हतं. वाटेच्या अगदी मधून, सावकाश, ताठ. मला त्यांना हाक मारावीशी वाटली, या वेळी खरीच. पण ते वळले असते. एक हात बांधलेला, आणि पुढेच ती दगडी मोरी. मी आरशात बघितलं, मागे लॉरी होती. पायडल मारलं.

सव्वीस मिनिटं लागली. विशालाक्षीअम्मांच्या हॉलमध्ये बसले तेव्हा सुईत दोरा जाईना. त्या म्हणाल्या, थांब, आधी पाणी पी. मी म्हटलं, नको, आधी दोरा. चौथ्या खेपेला गेला. मग नववा ब्लाउज घेतला आणि पाठ शिवून बंद केली.